सुधारलेली शाळा ओळखायची कशी? शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे,
आणि शालेय शिक्षण विभागात योजना आखणारे सर्व अधिकारी

विषय : मागे पडलेल्या जिल्हा परिषद शाळांसाठी राबवलेल्या योजनांचे त्रयस्थ मूल्यमापन होण्याबाबत

महोदय,

बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका केंद्रात, म्हणजे बारा शाळांच्या गटात, मी तेरा वर्षे केंद्रप्रमुख होतो. त्याआधी वीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. आता निवृत्त आहे आणि माझे कोणतेही प्रकरण आपल्या कार्यालयात प्रलंबित नाही, हे आधीच सांगितलेले बरे, कारण निवृत्तांच्या पत्रांमागे बहुधा पेन्शनची फाइल असते असा आपला अनुभव असेल. हे पत्र एका वेगळ्याच थकबाकीबद्दल आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत कमी गुणवत्तेच्या शाळा वर आणण्यासाठी आपण अनेक योजना आणल्या आणि त्यांतल्या बहुतेक मी माझ्या बारा शाळांत राबवल्या. त्यांतल्या कोणत्या योजनेने मुले खरोखर जास्त शिकली, याचे उत्तर मात्र विभागाने आम्हाला कधी दिले नाही.

२२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय हातात पडला तो दिवस मला आठवतो. त्यातली मूळ कल्पना मला आजही पटते. इमारत, पट आणि पोषण आहार यांच्या पलीकडे जाऊन प्रत्येक मुलाला वाचता येते का, वजाबाकी जमते का, हे विचारायला विभागाने सुरुवात केली, आणि ज्या केंद्रांच्या मासिक बैठका रजेचे अर्ज आणि तांदळाचा शिल्लक साठा यांत संपत, तिथे मुलांच्या वाचनाचा विषय निघू लागला. हे श्रेय त्या निर्णयाचेच आहे. पुढे शाळा, मग केंद्रे आणि मग तालुके ‘शंभर टक्के प्रगत’ घोषित होऊ लागले, तेव्हा मात्र माझ्या मनात शंका आली. माझ्या केंद्रातली एक शाळा प्रगत घोषित झाली त्या आठवड्यात मी तिथे गेलो होतो. चौथीतल्या अकरा मुलांपैकी चौघांना जोडाक्षरे असलेले वाक्य वाचता येत नव्हते. प्रगत ठरवणाऱ्या तक्त्यावर सही माझीच होती.

ती सही का केली, हे सांगणे भाग आहे. मुलांची सुरुवातीची पातळी पाहणारी पायाभूत चाचणी ऑगस्टमध्ये व्हायची. त्यानंतर पहिली संकलित चाचणी, मग दुसरी, आणि पायाभूतपासून दुसऱ्या संकलितपर्यंत जी वाढ दिसेल ती शाळेची प्रगती समजायची. प्रश्नपत्रिका वरून यायच्या. पण परीक्षा घेणारा, उत्तरपत्रिका तपासणारा, गुण ऑनलाइन भरणारा आणि त्या गुणांवरून ज्याची शाळा जोखली जाणार तो, हे चौघेही एकच गुरुजी होते. एका शाळेत गुणपत्रक पेन्सिलीने भरलेले पाहिले. विचारले तेव्हा तिथले ज्येष्ठ शिक्षक अगदी सरळपणे म्हणाले, “सर, पायाभूतला जरा कमीच राहू द्या. आत्ताच सत्तर टक्के दाखवले तर एप्रिलमध्ये वाढ दाखवायची कुठून?” हा माणूस लबाड नव्हता. दीड किलोमीटर चिखल तुडवत वेळेवर शाळेत येणारा आणि पोरांना जीव लावणारा शिक्षक होता. त्याने फक्त आपण तयार केलेला खेळ नीट समजून घेतला होता. ज्याची परीक्षा त्याच्याच हातात लाल पेन दिल्यावर आकडे सुधारतात. मुले सुधारली की नाही, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

आकडे प्रामाणिकपणे भरले तरी आमच्यासारख्या ठिकाणी त्यांचा अर्थ लावणे अवघड असते. २० पर्यंत पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक असल्याचे २०२२ साली शासनाच्याच माहितीतून पुढे आले होते. माझ्या बारा शाळांपैकी पाच तशा होत्या. तिसरीत चार मुले. त्यातले एक तापाने आले नाही की वर्गाचा निकाल पंचवीस टक्क्यांनी इकडचा तिकडे होतो. अशा शाळांची एका वर्षीच्या गुणांवरून उतरंड लावली की तळाला ज्या येतात, त्यांत खरोखर मागे असलेल्या शाळा असतात, तशाच त्या वर्षी केवळ नशिबाने मार खाल्लेल्या शाळाही असतात. या दुसऱ्या प्रकारच्या शाळा पुढच्या वर्षी काही न करता वर येतात. दुष्काळाच्या साली गावाने पावसासाठी धोंडी काढावी आणि पुढच्या साली पाऊस बरा झाला की धोंडीला पाव्हणेर करावा, तसे आपले चालले आहे. सरासरीहून फार वाईट सालानंतर बहुतेक वेळा बरे साल येतेच, धोंडी काढा अगर न काढा. तळाच्या शाळा निवडून त्यांना योजना द्यायची आणि वर्षाने त्यांचे गुण वाढले म्हणून योजना यशस्वी ठरवायची, ही पद्धत म्हणूनच मुळात सदोष आहे. तशाच तळाच्या, पण योजना न मिळालेल्या शाळांचे त्याच वर्षी काय झाले, हे शेजारी ठेवल्याशिवाय त्या वाढीतली योजनेची किती आणि सालाची किती, हे सांगता येत नाही.

त्यात आमच्याकडे ऊसतोड आहे. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, गाड्यांत भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरे भरली जातात, आणि काही वर्गांची निम्मी पटसंख्या पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकच्या फडांवर जाते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले मागे राहतात, सगळी राहत नाहीत. ऑगस्टची चाचणी देणारी मुले आणि एप्रिलची चाचणी देणारी मुले त्यामुळे एकच नसतात. जी मुले वर्षभर गावात राहिली, ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत किंवा थोडी बागायत आहे, तीच बहुधा एप्रिलमध्ये हजर असतात, आणि वर्गाची सरासरी आपोआप वाढते. शेवटचा ट्रक मार्चअखेर परत आला तर उलटेही होते. इंग्रजी माध्यमातून मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत परत आल्याचे आकडे मध्यंतरी मोठ्या अभिमानाने दिले जात. पालकांचा विश्वास वाढला ही आनंदाचीच गोष्ट, पण शहाण्या घरातली आठ मुले वर्गात आली की वर्गाचे गुण वाढणारच, आणि आधीपासून तिथे बसलेल्या मुलांना त्यातून काय मिळाले, हे वेगळे मोजावे लागते. कोणत्याही प्रपत्रात मी तसे मोजलेले पाहिले नाही.

शाळांनी स्वतःचेच मूल्यमापन करायच्या ‘शाळासिद्धी’ कार्यक्रमाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे उत्तर उपलब्ध होते आणि तरीही आपण पुढे गेलो. सात क्षेत्रे, सेहेचाळीस गाभा मानके, प्रत्येक मानकावर शाळेने स्वतःला स्तर द्यायचा आणि मग सुधारणेचा आराखडा लिहायचा. माझ्या केंद्रातल्या शाळांचे हे काम आम्ही तालुक्याच्या गावी, जिथे नेटला रेंज होती अशा एका झेरॉक्सच्या दुकानात बसून तीन रात्रींत पुरे केले. आराखडे बहुतेक एकमेकांवरून उतरवलेले होते. त्यांतले किती नंतर कोणी उघडून पाहिले, हे मला माहीत आहे, कारण पाहणारा मीच होतो आणि मी पाहिले नाहीत.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळले की याच धर्तीचा कार्यक्रम मध्य प्रदेशात आधी राबवला गेला होता. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी त्याचे काटेकोर मूल्यमापन केले. योजना कोणत्या शाळांना मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, त्यामुळे मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना निर्मळ होती. त्यात दिसले की शाळांची तपासणी जवळजवळ सगळीकडे पूर्ण झाली आणि शाळांना दिलेल्या श्रेणीही बऱ्यापैकी खऱ्या होत्या. पण शाळेच्या कामकाजात फरक पडला नाही आणि मुलांच्या शिकण्यातही नाही. तरीही कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि पुढे देशभरातल्या सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत नेला गेला. अधिकाऱ्यांशी बोलल्यावर संशोधकांना जे आढळले ते वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले. कागद पूर्ण करून वरिष्ठांना दाखवणे, हेच खाली येईपर्यंत त्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट होऊन बसले होते. झेरॉक्सच्या दुकानातल्या आमच्या त्या तीन रात्री यांत बसतात.

अमेरिकेतही असेच घडले. ओबामा सरकारने सर्वांत मागे पडलेल्या सरकारी शाळांसाठी सात अब्ज डॉलरच्या आसपास खर्च केला. त्यासाठी अनेक ठिकाणी मुख्याध्यापक बदलले, शिक्षक बदलले, काही शाळा बंदही केल्या. २०१७ साली तिथल्या शिक्षण खात्याच्याच संशोधन संस्थेने अहवाल दिला की परीक्षेतले गुण, शाळा पूर्ण करण्याचे प्रमाण आणि पुढे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण, यांपैकी कशावरही या अनुदानाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. पैसा वाया गेला म्हणून मी हे उदाहरण देत नाही. आपल्याच सरकारच्या योजनेविरुद्ध जाणारा अहवाल सरकारी संस्थेने छापला, म्हणून देतो.

सगळेच निष्फळ ठरते असेही नाही, आणि त्याचे पुरावे आपल्या घरातले आहेत. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने २००१ च्या सुमारास बालसखी नेमल्या. वस्तीतलीच शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना मुळाक्षरांपासून, आकड्यांपासून शिकवायची. तुलनेच्या शाळा ठेवून केलेल्या अभ्यासात मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि त्या अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ चा नोबेल मिळाला. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली आहे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मुलांची वाढ टिकली होती, पण बरीच ओसरली होती. नंतर हरियाणात हेच तत्त्व सरकारी शिक्षकांकडून राबवले गेले, रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करून, आणि वाचनात फरक दिसला. बिहारमध्ये मात्र शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण देऊन सोडून दिल्यावर शाळेच्या नेहमीच्या दिवसांत काही घडले नाही, आणि तेच शिक्षक उन्हाळी शिबिरात तेच करताना फरक पडला. शिक्षक तेच आणि पद्धतही तीच असताना त्या तासाला त्याला दुसरे काम नव्हते एवढ्यावर निकाल बदलत असेल, तर योजनेच्या मसुद्यापेक्षा शिक्षकाच्या वेळापत्रकाचे मूल्यमापन आधी करायला हवे.

आमच्याकडे नक्कल नेमकी उलट्या बाजूने होते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे काही केंद्रांचा गट) शाळांचे काम पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या, मीही गेलो. तिथली मुले गटात बसून आपापले शिकत होती आणि त्यांच्या शिक्षिका घाईत नव्हत्या. परत आल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत काय झाले? फरशा रंगल्या. बाराखडीची चक्रे, संख्यारेषा, फुलांच्या पाकळ्यांत शब्द, सगळे ऑइलपेंटने. वर्षानुवर्षे शिक्षकांबरोबर बसून केलेले पर्यवेक्षण कोणत्या रंगाने रंगवायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून जे रंगवता आले ते रंगवले. त्याचेही फोटो अपलोड झाले आणि शाळा ‘ज्ञानरचनावादी’, म्हणजे मूल स्वतः करून शिकते अशा, म्हणून मोजल्या गेल्या.

‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात १५० गुणांपैकी शैक्षणिक संपादणुकीला ४३ होते. बाकीचे पायाभूत सुविधांना आणि शासनाच्या धोरणांच्या अंमलबजावणीला. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचे बक्षीस. भिंती देखण्या झाल्या, गावाने लोकवर्गणी केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या शाळेला मुळात पुढे न्यायचे, ती या स्पर्धेत कधीच उतरत नाही, तिला मुख्याध्यापकच नसतो. राज्यांच्या शालेय शिक्षणाला गुण देणाऱ्या केंद्र सरकारच्या कामगिरी श्रेणी निर्देशांकात २०२०-२१ साठी महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण मिळून आपण केरळ आणि पंजाबबरोबर अग्रस्थानी होतो. त्या वर्षातला बहुतेक काळ आमच्या शाळांना कुलूप होते. पुढे घरोघरी जाऊन मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या सर्वेक्षणात मुलांचे वाचन किती घसरले ते दिसले, आणि ते कुठल्याही वाडीत तासभर बसणाऱ्याला सर्वेक्षणाशिवायही दिसत होते.

गेल्या वर्षी पायाभूत वाचन-गणितासाठीच्या ‘निपुण महाराष्ट्र’ कार्यक्रमात आमच्या गावी चावडीवाचन झाले. कल्पना मला आवडली, मुलाने गावासमोर वाचावे यात काही वेगळीच धिटाई आहे. पारावर सतरंजी टाकली होती, सरपंच होते, मोबाइलवर चित्रीकरण चालले होते. दुसरीतल्या एका मुलाने उतारा खणखणीत वाचला, टाळ्या पडल्या. मी त्याला जवळ घेऊन पुस्तकाचे पुढचे पान उघडून दिले. तो पानाकडे पाहत राहिला, मग गुरुजींकडे. गुरुजी हळूच म्हणाले, “सर, तो धडा अजून झालेला नाही.” शासनाच्या नोंदीत तो मुलगा त्या दिवशी निपुण झाला असणार. पुढच्या वर्षी तिसरीत त्याला वेगळा वेळ कुणी देणार नाही, कारण कागदावर त्याची गरज उरलेली नाही. फुगलेल्या आकड्यांचे नुकसान नेमके इथे होते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. यापुढची योजना, तिचे नाव काहीही असो, एकदम सगळ्या शाळांना देऊ नये. एवीतेवी निधी टप्प्याटप्प्याने येतो आणि पहिल्या टप्प्यात कोणाची शाळा हे कोणाचा फोन आला यावर ठरते, त्याऐवजी केंद्रांची सोडत काढावी. सोडतीत ज्यांचे नाव नाही त्या मुलांवर अन्याय होतो असे कोणी म्हणेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के प्रवेशांची सोडत पुण्यातूनच निघते आणि तिला आपण न्याय्य मानतो. उशिरा आलेली केंद्रे हीच तुलनेची केंद्रे होतील. मोजणी शाळेच्या शिक्षकाने करू नये. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने दुसऱ्या तालुक्यातले शिक्षक-पदविकेचे (डी.एल.एड.) विद्यार्थी पाठवावेत, प्रत्येक शाळेतली पाच-सहा मुले चिठ्ठीने निवडून तोंडी वाचून घ्यावे, साधे हिशेब घालावेत. एका मुलाला दहा मिनिटे पुरतात. वर्षाच्या मध्यावर, शाळेने गुण नोंदवलेल्या मुलांतल्याच काही जणांना पुन्हा तपासावे, म्हणजे शाळेने भरलेला आकडा आणि खरा आकडा यांतले अंतर जिल्ह्यागणिक कळेल. ज्या मुलापासून सुरुवात केली त्याच मुलाला शेवटी शोधावे, तो फडावर गेला असेल तर तसे लिहावे, त्याला हिशेबातून वगळू नये. आणि या मोजणीवर कोणाची वेतनवाढ, बदली किंवा नोटीस अवलंबून नाही, हे आधीच लेखी द्यावे, नाहीतर दुसऱ्या तालुक्याची पोरेही दोन वर्षांत शहाणी होतील.

मूल्यमापन मार्चअखेर संपवू नये, हा माझा सर्वांत मोठा आग्रह आहे. माझ्या केंद्रातली एक द्विशिक्षकी शाळा खरोखर सुधारली होती. कोणत्याही योजनेने नाही, एका बाईंनी सात वर्षे खपून ती सुधारली. दुपारी डबा झाला की त्या चौथीच्या मुलांना पहिलीच्या मुलांबरोबर जोडीने बसवून वाचायला लावीत. २०१८ च्या ऑनलाइन बदल्यांत त्या गेल्या. त्यांच्या जागी आलेले गुरुजी वाईट नव्हते, पण मतदार यादीचे (बीएलओ) काम त्यांच्याकडे होते आणि दुसरे पद रिक्त राहिले. दोन वर्षांत वर्ग होता तिथे आला. त्या शाळेच्या भिंतीवर आजही तीन वेगवेगळ्या योजनांच्या पाट्या आहेत आणि प्रत्येक योजनेच्या यशोगाथेत तिचे नाव आहे. योजना संपल्यावर तिसऱ्या वर्षी शाळा कुठे आहे, त्यातले मूळ शिक्षक किती उरले, हे पाहिले असते तर एवढे तरी कळले असते की पुढची पाटी लावण्यापेक्षा त्या बाईंची बदली दोन वर्षे थांबवणे स्वस्त पडले असते.

नवी योजना जाहीर करताना आधीच्या योजनेचा अहवाल, जसा असेल तसा, मराठीत छापावा आणि केंद्र पातळीपर्यंत पाठवावा. त्यात खर्चाबरोबर शिक्षकांचे किती तास गेले तेही असावे. परिणाम शून्य निघाला तर शून्य लिहावे. आम्ही राबवणारी माणसे तेवढे पचवू शकतो.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. २०१४ पासून निवृत्तीपर्यंत भेटीच्या दिवशी मी प्रत्येक शाळेत दोन-चार मुलांना स्वतः वाचायला लावून त्यात टिपत असे, कार्यालयात पाठवायच्या तक्त्यापेक्षा वेगळे. नमुना अगदीच लहान आहे आणि पद्धत शास्त्रीय नाही, पण त्यातले आकडे आणि त्याच महिन्यात मी सही करून पाठवलेले आकडे जुळत नाहीत. मुलांची नावे खोडून ती वही मी आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. कोणत्या टेबलावर द्यायची तेवढे कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख